मनकवडेपणाचा शाप : ‘स्कॅनर्स’ (१९८१) या विज्ञानपटाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘मनकवडा’ हा शब्द बहुधा कौतुकाने उच्चारला जातो. लेकराने न सांगता त्याची भूक ओळखणारी आई, शिष्याने विचारण्यापूर्वीच त्याची शंका फेडणारा गुरू, यांना आपण मनकवडे म्हणतो. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञानाची गणना संयमाने प्राप्त होणाऱ्या सिद्धींमध्ये केलेली आहे आणि अशा सिद्धी समाधीच्या वाटेवर अडथळा ठरतात, असा इशाराही त्याच पादात दिलेला आहे. म्हणजे आपल्या परंपरेत दुसऱ्याचे मन जाणणे हे एकतर स्नेहाचे फळ आहे किंवा साधनेचे. परंतु ज्या मनकवडेपणामागे स्नेहही नाही आणि साधनाही नाही, जो माणसावर जन्मापूर्वीच लादला गेला आहे, त्याचे स्वरूप काय असेल? कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या १९८१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्कॅनर्स’ या विज्ञानपटाने हाच प्रश्न विचारला आहे.

या चित्रपटाचे नाव निघाले की बहुतेकांना त्यातील मस्तक फुटण्याचा प्रसंग तेवढा आठवतो. भयपटांच्या इतिहासात त्या प्रसंगाला स्थान मिळाले खरे, पण त्याच्या गाजावाजात चित्रपटाचा आशय झाकोळला गेला. हा चित्रपट दुसऱ्याच्या मनात शिरण्याच्या सामर्थ्याविषयी जितका आहे, त्याहून अधिक तो स्वतःच्या मनाचे दार लावता न येण्याच्या यातनेविषयी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

‘स्कॅनर्स’च्या निर्मितीमागे त्या काळचे कॅनडाचे करविषयक धोरण होते. कॅनेडियन चित्रपटात गुंतविलेली संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत १९७० नंतरच्या दशकात तेथे उपलब्ध होती. साहजिकच गुंतवणूकदारांना वर्ष संपण्यापूर्वी पैसा खर्ची पडलेला हवा असे. १९७९ च्या उत्तरार्धात मॉन्ट्रियल व परिसरात या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती. दिग्दर्शकाला चित्रीकरण चालू असतानाच पुढील प्रसंग लिहावे लागले. एकूण खर्च सुमारे ४० लाख कॅनेडियन डॉलर इतका होता. १९७९ मध्येच प्रदर्शित झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानपटाला चार कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन निर्मितींमधील अंतर स्पष्ट होते.

या घाईच्या खुणा चित्रपटात ठिकठिकाणी दिसतात. कथानकाचे सांधे सैल आहेत, पाठलाग व गोळीबार यांची भरताड आहे आणि काही पात्रे केवळ माहिती सांगण्यापुरती येतात. परंतु तुटपुंज्या साधनांचा एक लाभही झाला. विचार दिसत नाहीत, आणि ते दाखविण्यासाठी झगमगते प्रकाशकिरण वा भव्य यंत्रे उभी करण्याइतका पैसाही नव्हता. त्यामुळे हाती उरली ती दोन जुनीच साधने : माणसाचा चेहरा आणि ध्वनी. मनाचे मनावर होणारे आक्रमण येथे ताणलेल्या मानेतून, फुगलेल्या शिरांतून, नाकातून ओघळणाऱ्या रक्तातून आणि हॉवर्ड शोर यांच्या कर्कश, विद्युत्-स्वरांनी भरलेल्या संगीतातून व्यक्त होते. चित्रपटातील एक मनोवेधी मंचावर येताच श्रोत्यांना बजावतो की, या प्रयोगात नाकातून रक्त येणे, कान दुखणे, मळमळणे असे त्रास संभवतात. मनाचे व्यवहार देहातूनच घडतात हे क्रोननबर्ग यांचे आवडते सूत्र येथे आर्थिक मर्यादेशी असे जुळून आले आहे.

श्रवण : एक व्याधी

चित्रपटाचा नायक कॅमेरॉन व्हेल (स्टीफन लॅक) प्रथम दिसतो तो एका बाजारसंकुलात, इतरांनी टाकलेले अन्न खाताना. शेजारच्या मेजावरील एक स्त्री त्याच्याविषयी तिरस्काराने बोलते. ते त्याच्या मनात घुमू लागते, त्याची नजर तिच्यावर खिळते आणि तिला झटके येऊ लागतात. आपण काय करीत आहोत याचे त्याला धड भानही नाही. जगाच्या दृष्टीने तो वेडसर भटक्या आहे, परंतु प्रत्यक्षात तो अविरत श्रवणाने जर्जर झालेला माणूस आहे.

पुढे ‘कॉनसेक’ नामक सुरक्षा कंपनीचे शास्त्रज्ञ डॉ. पॉल रूथ (पॅट्रिक मॅकगूहन) त्याला एका प्रशस्त दालनात पलंगाला जखडून ठेवतात आणि अनोळखी माणसांचा एक जमाव त्याच्यासमोर आणून बसवितात. कोणीही ओठ हलवीत नाही, तरीही दालन आवाजांनी भरून जाते. कोणाची क्षुल्लक काळजी, कोणाची कंटाळवाणी आठवण, कोणाची कुरकुर, असे सारे एकमेकांत मिसळून त्याचा नुसता गलका होतो. या प्रसंगात कोणाचेही गुपित फुटत नाही, हे महत्त्वाचे आहे. परचित्तज्ञान म्हणजे रहस्यांचा खजिना, ही वाचकप्रिय कल्पना दिग्दर्शकाने येथे निकालात काढली आहे. माणसांच्या मनात बहुतांशी गोंगाटच असतो आणि तो सतत ऐकावा लागणे ही शिक्षा आहे. ‘एफेमेरॉल’ या औषधाची सुई टोचताच आवाज थांबतात आणि व्हेलला बहुधा आयुष्यात प्रथमच शांतता लाभते. त्या शांततेतूनच त्याला ‘मी’ म्हणून बोलता येऊ लागते.

याच सूत्राची दोन रूपे अन्य दोन पात्रांत आढळतात. खलनायक डॅरिल रेव्होक (मायकेल आयर्नसाइड) याने तरुणपणी मनोरुग्णालयात स्वतःच्या कपाळाला छिद्र पाडून घेतले होते. डोक्यात साचलेली माणसे बाहेर जावीत हा त्याचा हेतू होता. छिद्रावरील पट्टीवर त्याने डोळा काढला आहे, तो आत येऊ पाहणाऱ्यांना थोपविण्यासाठी. उलटपक्षी शिल्पकार बेंजामिन पिअर्स (रॉबर्ट सिल्व्हरमन) याने आपल्या कार्यशाळेत एक प्रचंड मस्तक घडविले आहे आणि तो त्या मस्तकाच्या पोकळीत जाऊन बसतो. कलेमुळेच आपले चित्त ठिकाणावर राहिले, असे तो सांगतो. एकाने स्वतःचे मस्तक फोडून दार केले, तर दुसऱ्याने स्वतःला दार लावता यावे म्हणून नवे मस्तक उभारले. ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवली असता चित्रपटाचा गाभा हाती लागतो. माणसाला ‘स्व’ मिळतो तो जगापासून काही राखून ठेवता येण्याच्या शक्यतेतून.

औषध, कंपनी आणि विसरलेल्या माता

या मनोवेधी माणसांची उत्पत्ती कशी झाली, हे चित्रपटाचे रहस्य आहे. एफेमेरॉल हे मुळात गर्भवती स्त्रियांसाठी तयार केलेले शामक औषध होते आणि त्याच्या दुष्परिणामातून ही पिढी जन्माला आली. १९६१–६२ मध्ये थॅलिडोमाइड या औषधाची विक्री कॅनडात झाली होती आणि गर्भावरील त्याच्या भीषण परिणामांमुळे १९६२ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या स्मृती ताज्या असलेल्या प्रेक्षकांना हा संकेत समजण्यास विलंब लागला नसणार. मॉन्ट्रियल शहराला आणखी एक स्मृती होती. तेथील ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट या मनोरुग्णालयात १९५७ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या पैशावर रुग्णांच्या मनावर प्रयोग झाल्याचे १९७७ मध्ये उघडकीस आले होते. चित्रपट या घटनेचा उल्लेख करीत नाही. तथापि, शास्त्रज्ञ, सुरक्षा संस्था व असहाय रुग्ण यांचे त्यातील त्रिकूट त्या शहरातील प्रेक्षकाला अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

कथेच्या अखेरीस कळते की, व्हेल आणि रेव्होक हे सख्खे भाऊ असून डॉ. रूथ हेच त्यांचे जनक आहेत. आपल्या गर्भवती पत्नीलाच त्यांनी हे औषध प्रथम दिले होते. ज्या औषधाने रोग निर्माण झाला तेच औषध उपशम म्हणून देणारा पिता, आणि त्याच्या दोन पुत्रांतील युद्ध, अशी ही रचना आहे. रोगही आपणच द्यावा, उपचारही आपणच विकावा आणि रोग्याला पुढे हत्यार म्हणून वापरावे, ही व्यवस्था चित्रपटाने नेमकी ओळखली आहे.

नेमकी याच ठिकाणी त्याची सर्वांत मोठी उणीव दिसते. समीक्षकांनी आजवर व्हेलची भूमिका करणाऱ्या स्टीफन लॅक यांच्या निर्विकार अभिनयाला दोष दिला आहे. वास्तविक, ज्याच्या मनात सदैव इतरांचीच गर्दी होती त्याचा चेहरा कोरा असणे सुसंगत आहे. खरा दोष निराळा आहे. ज्या स्त्रियांच्या देहातून हा प्रयोग घडला त्यांतील एकीलाही येथे वाणी नाही. रूथ यांच्या पत्नीला नावदेखील नाही. किम ओब्रिस्ट (जेनिफर ओनील) ही मनोवेधी स्त्री एका दवाखान्यात बसलेली असता आपल्या मनाला कोणीतरी स्पर्श केल्याचे तिला जाणवते, आणि तो स्पर्श समोरच्या गर्भवतीच्या पोटातील जिवाचा असतो. हा क्षण विलक्षण आहे. परंतु त्या मातेच्या मनात काय चालले आहे हे ऐकण्याची तसदी किमही घेत नाही आणि दिग्दर्शकही घेत नाही. मने ऐकण्याविषयीच्या चित्रपटाने मातांचे मन ऐकू नये, ही त्याची मर्यादा आहे. आणि ती केवळ पटकथा घाईत लिहिल्यामुळे आली असे म्हणता येणार नाही.

अखेरचे द्वंद्व

शेवटच्या प्रसंगात दोघे बंधू समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मनावर हल्ला करतात. शस्त्र एकही नाही. त्वचा फाटते, शिरा उसळतात, देह पेट घेतो. डिक स्मिथ यांचे रंगभूषाकौशल्य येथे पणाला लागले आहे. किम आत येते तेव्हा जमिनीवर व्हेलचा जळालेला देह पडलेला असतो आणि कोपऱ्यात दुसरा कोणी अंगरखा पांघरून बसलेला असतो. चेहरा रेव्होकचा आहे, परंतु कपाळावरील व्रण नाहीसा झाला आहे, डोळे व आवाज व्हेलचे आहेत. तो सांगतो की, विजय आपला झाला.

हा शेवट सामान्यतः सद्गुणाचा विजय म्हणून वाचला जातो. तो इतका निर्धास्त आहे काय? दोन मनांमधील भिंत संपूर्ण कोसळली की जाणणारा आणि जाणला जाणारा असे दोघे उरत नाहीत. तेथे समजूत नाही, क्षमा नाही, संवादही नाही, कारण संवादाला दुसरा लागतो. ‘आपण’ या सर्वनामात नेमके कोण कोण सामावले आहे, हे प्रेक्षकाला कळत नाही. चित्रपट तेथेच थांबतो, आणि त्याचे ते थांबणे योग्य आहे.

आजच्या संदर्भात

हा विषय केवळ कल्पनेचा राहिलेला नाही आणि आपल्या परिसराशी त्याचा थेट संबंध आहे. २००८ मध्ये पुण्यातील एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचा दोषसिद्धीसाठी आधार घेतला गेला आणि त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. त्यानंतर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निर्णय दिला की, नार्को-विश्लेषण, असत्यशोधक यंत्र व मेंदूच्या विद्युत्-चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) आणि २१ यांचा आधार घेऊन न्यायालयाने मनाच्या एकांतालाच संरक्षण दिले.

२०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांवरून ऐकलेल्या कथेचा आशय शब्दांत मांडणारी संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी प्रत्येक सहभागी व्यक्तीला यंत्रात सुमारे १६ तास कथा ऐकाव्या लागल्या. एकासाठी तयार झालेली पद्धत दुसऱ्यावर चालली नाही आणि व्यक्तीने मनात अन्य विचार आणून विरोध केला असता तिचे निष्कर्ष बिघडले. म्हणजे आज तरी दाराची कडी आतूनच आहे. परंतु ती तशीच राहील की नाही हे केवळ तंत्रज्ञान ठरविणार नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर ते अवलंबून राहील. ‘स्कॅनर्स’मध्ये यंत्राच्या जागी माणूस आहे आणि त्याची मालकी एका कंपनीकडे आहे, इतकाच काय तो फरक.

समारोप

‘स्कॅनर्स’ हा निर्दोष चित्रपट नाही. त्याची पटकथा विस्कळीत आहे, हिंसा अनेकदा अनावश्यक आहे आणि ज्यांची व्यथा मुळाशी आहे त्या स्त्रिया त्यात मुक्याच राहिल्या आहेत. तरीही अल्प साधनांत त्याने एक मूलगामी विचार दृश्यरूपाने मांडला : मनाचा एकांत हा लपवाछपवीचा आडोसा नसून व्यक्तित्वाची पूर्वअट आहे. आई मनकवडी असते, पण ती लेकराच्या मनाचे दार फोडून आत शिरत नाही. ती दाराबाहेर थांबून ओळखते. दुसऱ्याला जाणण्याची इच्छा आणि दाराबाहेर थांबण्याचा संयम यांची ताटातूट झाली की मनकवडेपण शाप ठरते. फुटलेल्या मस्तकाच्या दृश्यापलीकडे जाऊन हा चित्रपट पाहिला पाहिजे, तो यासाठी.