‘घे’ या शब्दाचे काय झाले?

‘बॉबी’ या 1973 सालच्या चित्रपटातील ‘ना मांगूं सोना चांदी’ हे गीत आमच्या बहुतेक वाचकांनी लग्नाच्या मांडवात ऐकले असेल. कित्येकांनी त्यावर पावलेही टाकली असतील. भोर-वेल्ह्याकडील पालीसारख्या गावी वरातीच्या बँडने ही चाल धरली, तरी ती कोणती हे कोणास सांगावे लागणार नाही. मात्र तिचे ध्रुवपद ‘हांव सायबा पलतडी वेता’ या कोंकणी देखणीचे आहे आणि त्या देखणीचे कर्ते कार्लोस युजेनियो फेरेरा हे गोमंतकीय ख्रिस्ती रचनाकार होत, याचा उच्चार क्वचितच होतो. हिंदी गीत चालते ते गीतकार विठ्ठलभाई पटेल आणि संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या नावावर. श्रेयाचा हा प्रश्न आहेच. परंतु दोन्ही गीते शेजारी ठेवून ऐकली असता आम्हांस अधिक खटकते ती अर्थाची उलथापालथ.

देखणी हा गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांत वाढलेला गीतनृत्यप्रकार. मांडोमध्ये त्या घरांचे स्वतःचे प्रेम आणि विरह गायिले जातात. देखणीत मात्र ख्रिस्ती स्त्री शेजारच्या हिंदू समाजातील कलावंतिणीची भूमिका घेते. फेरेरांच्या गीतातील कलावंतीण नदीकाठी उभी आहे. पैलतीरी दामूचे लग्न आहे, तेथल्या मांडवात कलावंतिणींचा खेळ मांडलेला आहे आणि तिला वाट ठाऊक नाही. ती नावाड्याची मनधरणी करते, अंगावरचा दागिना काढून पुढे करते; तो नको म्हणतो. पुन्हा ती देऊ करते, पुन्हा नकार. गीताचा सारा प्राण या घासाघिशीत आहे. ‘घे’ हा शब्द तिच्या तोंडी वारंवार येतो, आणि तो आपल्या मराठीतलाच ‘घे’ आहे. हिंदी श्रोत्याला त्यात केवळ नाद ऐकू येत असेल. मराठी कानाला त्यातली अजिजी कळायला हवी.

ज्या समाजाची ही स्त्री, त्याच समाजातून 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकर आणि त्यांच्यामागून मोगूबाई कुर्डीकर आल्या. कलावंतिणीचे गाणे म्हणजे दिवाणखान्यातील नक्कल, असे कोणी समजू नये. तिची कला हीच तिची उपजीविका होती. नदी ओलांडणे ही तिची खरी गरज होती.

हिंदी गीतात नदी नाही, नाव नाही, दामूचे लग्नही नाही. सोने-चांदी नाकारणारा आता प्रियकर आहे. नावाड्याचा नकार उचलून तो नायकाच्या तोंडी घालण्याची कल्पना चतुर आहे, हे आम्ही मान्य करतो. पण प्रेमात व्यवहार नसतो, अशा अर्थाच्या ओळीआधी समूहाने ‘घे, घे’ म्हणत राहावे, हे विचित्र नव्हे काय? मूळ गीतात तो शब्द व्यवहाराचाच आहे. शिवाय गाणारे दोघेही पुरुष : शैलेंद्र सिंग आणि मन्ना डे. नायिकेला आवाज देणाऱ्या लता मंगेशकर याच चित्रपटात आहेत. त्यांच्या वडिलांचे गाव मंगेशी. एका स्त्रीच्या विनवणीवर उभ्या असलेल्या गाण्यात त्यांना मात्र जागा मिळाली नाही.

आणखी एक उलटफेर आमच्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती रचनाकाराने हिंदू कलावंतिणीचा वेष घेऊन लिहिलेले हे गीत पडद्यावर ख्रिस्तीपणाची खूण झाले. प्रेमनाथ यांनी रंगविलेला जॅक ब्रॅगांझा हा गोव्याचा मासेमार, दिलदार आणि बाटलीचा मित्र. दुर्गाबाई खोटे यांची म्हातारी श्रीमंताघरची आया. बॉबी ही ख्रिस्ती मुलगी मोहिनी घालणारी खलनायिका न होता सरळ नायिका झाली, हे त्या काळी थोडे नव्हते, आणि त्याबद्दल राज कपूर यांचे ऋण मानावे. परंतु ख्रिस्ती घर म्हटले की नाच आणि प्याला, हा ठसाही याच गाण्याने पक्का केला.

प्यारेलाल यांना गोवा अपरिचित नव्हता. त्यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (1977) शिष्याने त्यांचे नाव थेट गाण्यातच गुंफले. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांतून तेव्हा गोमंतकीय वादकांची मोठी फळी होती. गुरूचे नाव अशा रीतीने गाणाऱ्या संगीतकाराने फेरेरांचे नावही ‘बॉबी’च्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सूर उसने घेऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. देखणीच मुळी उसन्या आवाजावर उभी आहे. फेरेरांनी तो आवाज घेताना त्या स्त्रीची वाट, तिचे दागिने आणि तिचा हट्ट शाबूत ठेवले. हिंदी गीताने चाल ठेवली, ‘घे’ ठेवला आणि काही देऊ करणारी ती स्त्रीच काढून टाकली. धर्मग्रामातील एखाद्या लग्नात वाद्यवृंदाने ‘बॉबी’चे गाणे छेडले, तर एखाद्या गायिकेने त्याला जोडून देखणीही म्हणावी, पाहुण्यांतील गोंयकार मावशी साथ द्यायला तयार असतीलच.