दोन उष्ण देश आणि वॉलेसचीं दोन प्रवासवृत्तें

शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत ‘विषुववृत्तीय प्रदेश’ या मथळ्याखालीं एक ठराविक परिच्छेद असतो. बारमास उष्मा, दुपारचा पाऊस, सूर्यप्रकाश जमिनीवर पोंचूं न देणारीं अरण्यें, विरळ व मागासलेली वस्ती. आणि उदाहरणादाखल कंसांत दोनतीन नांवें. त्या कंसांत ब्राझील व इंडोनेशिया शेजारींशेजारीं बसलेले असतात. परीक्षेपुरतें हें ठीक आहे. परंतु ज्यांनीं तो परिच्छेद पाठ केला त्यांतील बहुतेकांच्या मनांत हे दोन देश जन्मभर त्या कंसांतच राहतात, आणि एकाविषयीं ठाऊक असलेलें दुसऱ्याला लावून ते मोकळे होतात.

हा कंस फोडण्यास एकाच गृहस्थाचीं दोन पुस्तकें फार उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८४८ पासून १८५२ पर्यंत अमेझॉनच्या खोऱ्यांत, आणि १८५४ पासून १८६२ पर्यंत मलाय द्वीपसमूहांत, म्हणजे मुख्यतः आजच्या इंडोनेशियांत, हिंडला. पहिल्या प्रवासाचें वृत्त १८५३ त प्रसिद्ध झालें. दुसऱ्यावरील ‘मलाय द्वीपसमूह’ हा ग्रंथ १८६९ त. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतांतील डार्विनचा भागीदार म्हणून वॉलेसला सारे ओळखतात, आणि त्यामुळें हीं पुस्तकें त्या सिद्धांताच्या पायऱ्या म्हणूनच वाचलीं जातात. मी तीं येथें भूगोलाचीं पुस्तकें म्हणून वाचणार आहें. त्यांत जें उत्तम आहे तें आधीं सांगतों. मग त्यांतील एका मोठ्या चुकीकडे वळूं. ती चूक वॉलेसबरोबर संपली असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें.

दोहोंची योग्यता सारखी नाहीं. पहिलें पुस्तक दुबळें आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. १८५१ त वॉलेसचा धाकटा भाऊ पारा येथें पीतज्वरानें वारला. पुढच्या वर्षीं स्वदेशीं परततांना भर समुद्रांत जहाजाला आग लागली, आणि शेवटच्या वर्षांतील सारा संग्रह व बहुतेक टिपणें जळून गेलीं. हातीं लागलेल्या थोड्या कागदांवरून आणि आठवणीवरून लिहिलेलें पुस्तक मधूनमधून कोरडें वाटलें तर नवल नाहीं. दुसऱ्या ग्रंथामागें सव्वा लाख नमुन्यांचा संग्रह आहे व सहासात वर्षांचें मनन आहे. त्यांत काळाचा क्रम सोडून बेटांच्या गटांप्रमाणें प्रकरणें पाडलीं आहेत. वाचतांना तारखांचा गोंधळ उडतो खरा. पण भूगोलाला हीच मांडणी मानवते.

दोन्ही पुस्तकांत वॉलेसची नजर एकाच प्रश्नावर खिळलेली आहे. अमुक प्राणी येथें आहे, मग पलीकडे कां नाहीं? अमेझॉनवर त्याला आढळलें कीं माकडांच्या कांहीं जाती नदीच्या एका तीरावर असतात, दुसऱ्यावर नसतात. तेथील शिकाऱ्यांना हें पूर्वींपासून ठाऊक होतें. हवा तो प्राणी मिळविण्यासाठीं ते नदी ओलांडून जात. युरोपांतील संग्राहक मात्र नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतें ‘अमेझॉन’ असें लिहून स्वस्थ बसत. पुढें बाली व लोंबोक यांच्यामधील अरुंद सामुद्रधुनी ओलांडतांच आशियांतील ओळखीचे पक्षी मागें राहिले आणि ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे दिसूं लागले. अंतर थोडें, पण समुद्र खोल. उलट सुमात्रा, जावा व बोर्निओ यांच्यामधील समुद्र रुंद असूनही उथळ आहे, कारण हीं बेटें पूर्वीं आशियाखंडाला जोडलेलीं होतीं. नकाशावरील निळी जागा म्हणजे रिकामी जागा, ही समजूत या प्रकरणांनीं माझ्यापुरती तरी कायमची घालविली. ब्राझील एकसंध भूमि व इंडोनेशिया सतरा हजारांवर बेटांचा पुंज, एवढ्यावर थांबणाऱ्यानें हीं पानें अवश्य वाचावीं.

माणसाला मात्र नदी व समुद्र अडवीत नाहींत. तेच त्याचे रस्ते होत. दोन्ही पुस्तकांच्या अखेरीस वॉलेसनें स्थानिक भाषांच्या शब्दांच्या याद्या दिल्या आहेत. प्रवासांत त्याचें काम दोन बाजारी भाषांवर चालत असे: रिओ नेग्रोवर तुपी कुळांतील ‘लिंग्वा जेराल’, आणि बेटांत मलाय. पहिलीवर पोर्तुगीज सरकारनें अठराव्या शतकांतच बंदी घातली होती, तरी ती दूरच्या नद्यांवर टिकून होती. आज ब्राझीलभर पोर्तुगीज बोलतात. दुसरीला १९२८ त तरुण देशभक्तांनीं राष्ट्रभाषा म्हणून पत्करलें, आणि डच भाषा मागें पडली. जेत्याची भाषा एकीकडे घराघरांत शिरली आणि दुसरीकडे कचेरीबाहेर फारशी पडली नाहीं, याची मीमांसा कोणी केली पाहिजे. वॉलेसला तो प्रश्न सुचण्याचा काळ नव्हता.

आतां लोकवस्तीकडे. ब्राझीलचें क्षेत्रफळ सुमारें ८५ लाख चौरस किलोमीटर, इंडोनेशियाची जमीन १९ लाखांच्या आसपास. २०२२ च्या शिरगणतींत ब्राझीलची लोकसंख्या २० कोटी ३० लाख भरली; इंडोनेशियाची २०२० सालीं २७ कोटी. या सरासऱ्या फसव्या आहेत. जावा हें बेट आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि त्यावर १५ कोटी माणसें राहतात. ब्राझीलचें आमाझोनस हें एक राज्य जावाच्या बारापट मोठें. त्याची वस्ती ४० लाखांच्या आंत, व त्यांतले निम्म्याहून अधिक लोक एकट्या मानाउस शहरांत. दोन्ही प्रदेश विषुववृत्ताजवळचे, पाऊस दोन्हीकडे भरपूर. मग एवढी तफावत कशानें पडली?

पहिलें उत्तर मातीचें. जावाच्या पाठीच्या कण्यावर जागृत ज्वालामुखींची रांग आहे, आणि त्यांची राख शेतांना पुनःपुन्हां नवें खत पुरविते. ब्राझीलमध्यें जागृत ज्वालामुखी एकही नाहीं. अमेझॉनच्या खोऱ्यांतील नदीकांठची पूरभूमि सोडली तर बाकीची बहुतेक माती लाखों वर्षांच्या पावसानें धुऊन निघाली आहे. तेथील सत्त्व जमिनींत नसून उभ्या झाडांत व कुजणाऱ्या पाल्यांत असतें. झाडें तोडून जाळलीं कीं राखेवर दोनतीन पिकें निघतात आणि मग शेत थकतें. हें ध्यानीं घेतलें म्हणजे शाळेंतला कंस निराळ्या ठिकाणीं कापावा लागतो. बोर्निओच्या इंडोनेशियन भागांत, म्हणजे कालिमांतानमध्यें, जागृत ज्वालामुखी नाहींत, जमीन निकस आहे, वस्ती विरळ आहे. त्याची जोडी अमेझॉनशीं जमते. आणि जावाची जोडी शोधावयाची तर ती साओ पाउलोच्या पठारावर सांपडेल, कारण तेथील प्रसिद्ध तांबडी-जांभळी माती फार पुरातन लाव्हारसाचीच झालेली आहे. कॉफीचे मळे तेथेंच भरभराटले.

वॉलेसला हें कळलें नाहीं. अमेझॉनचें अरण्य तोडून तेथें कुरणें, शेतें व फळबागा उभारणें इंग्लंडपेक्षां निम्म्या श्रमांत व निम्म्याहून कमी वेळांत साधेल, असें त्यानें पहिल्या पुस्तकांत बेधडक लिहून ठेविलें आहे. झाडें एवढीं उंच, म्हणून जमीन कसदार, असा त्याचा हिशेब. त्या काळीं तो कोणाचाही चुकला असता. खरा दोष पुढल्या पायरीवर आहे. जमीन इतकी चांगली असून प्रदेश ओसाड कां, याचें उत्तर तो येथील लोकांच्या आळसांत शोधतो.

वास्तविक ओसाडपणाचें कारण त्याच्या डोळ्यांसमोर होतें. रिओ नेग्रोच्या उपनद्यांवर व्यापारी टोळ्या पाठवून मूळ रहिवाशांचीं मुलें पकडून आणीत, ही हकीकत त्यानेंच दिली आहे. हा क्रम दोन-तीन शतकें चालू होता, आणि त्याच्या जोडीला देवी व गोवर होते. १५४१–४२ त ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अमेझॉनमधून समुद्रापर्यंत गेला, तेव्हां त्याच्याबरोबरच्या कार्वाहाल नांवाच्या पाद्र्यानें नदीकांठीं दाट वस्तीचीं गांवें पाहिल्याचें लिहिलें. पुढील प्रवाशांना तीं दिसलीं नाहींत, म्हणून पाद्री थापाड्या ठरला. अलीकडच्या उत्खननांनीं त्याची बाजू पुष्कळ अंशीं सांवरली आहे. कोळसा, हाडें, खापऱ्या व घरचा केर मिसळून माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेल्या काळ्या मातीचे थर त्या खोऱ्यांत जागोजाग सांपडतात. ज्या जमिनीला निसर्गानें कस दिला नाहीं तिला तेथल्या लोकांनीं तो दिला होता. अशांना आळशी म्हणण्यापूर्वीं ते गेले कोठें, हें विचारावयास हवें होतें.

जावाविषयींचें प्रकरण याहून खटकतें. वॉलेस त्या बेटावर १८६१ त जेमतेम साडेतीन महिने होता. १८३० पासून डच सरकारनें जावाच्या शेतकऱ्यांवर सक्तीच्या लागवडीची पद्धति लादली होती: कॉफी, ऊस, नीळ पिकवावी व सरकारी भावानें सरकारला द्यावी. वॉलेस हिची मनापासून तरफदारी करतो. त्याचा मुख्य पुरावा लोकसंख्येचा: १८०० त ३५ लाख, १८५० त ९५ लाख, १८६५ त १ कोटी ४० लाखांवर. माणसें इतकीं वाढलीं, त्या अर्थीं प्रजा सुखी. जुन्या गणत्या फार कमी भरत, असें आज इतिहासकार मानतात, तें सोडून देऊं. पण याच मुदतींत, १८४९–५० त, देमाक व ग्रोबोगान या भागांत भयंकर दुष्काळ पडून लोक मेले व परागंदा झाले. त्याचा मागमूस या युक्तिवादांत नाहीं. डच राज्यांतील जुलमाचें चित्र रंगविणारी मुलतातुलीची ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी १८६० त निघाली होती, आणि वॉलेसनें ती वाचली होती. तो तिला कंटाळवाणी व पाल्हाळिक ठरवून बाजूस सारतो. ती पाल्हाळिक आहे, हें मीही कबूल करतों. तेवढ्यानें तिच्यांतील फिर्याद खोटी ठरत नाहीं.

हें लिहितांना संकोच वाटतो, कारण याच ग्रंथाच्या शेवटच्या पानांवर वॉलेसनें आपल्या देशबांधवांना सुनावलें आहे कीं संपत्ति व शास्त्रें वाढलीं तरी समाजनीतींत आपण रानटीच आहों. इतका निर्भीड माणूस जावांत कां फसला? मला वाटतें, दोन्ही देशांना त्यानें डोकीं मोजण्याचें एकच माप लावलें. डोकीं पुष्कळ तर राज्य चांगलें, डोकीं थोडीं तर लोक नालायक. पाखरांच्या बाबतींत प्रत्येक नमुन्याचें गांव लिहून घेणारा हा शास्त्रज्ञ माणसांच्या बाबतींत ‘अमेझॉन’ एवढीच चिठ्ठी लावून गेला.

जावाच्या कुणब्यावर लादलेली कॉफी मूळची जावाची नव्हे. डचांनीं ती सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारहून नेली. जावाचें एक रोप ॲम्स्टरडॅमच्या उद्यानांत गेलें. त्याची संतति अमेरिकेंत पोंचली, आणि १७२७ त फ्रेंच गियानांतून ब्राझीलमध्यें शिरली. तेथें तिची लागवड गुलामांच्या श्रमांवर वाढली. ती गुलामगिरी १८८८ त बंद झाली. रबराचा प्रवास याच्या उलट. १८७६ त विकॅम नांवाच्या इंग्रजानें अमेझॉनवरून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानांत नेल्या, आणि त्यांची रोपें सिंहलद्वीप व सिंगापूरमार्गें मलायांत आणि सुमात्रांत पसरलीं. मानाउसला १८९६ त रबराच्या पैशांतून संगमरवरी नाट्यगृह उघडलें होतें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पूर्वेकडील मळ्यांतला माल बाजारांत येतांच त्या शहराची रया गेली. झाडें इकडून तिकडे सुखेनैव रुजलीं. सक्तीची मजुरीही त्यांच्या पाठोपाठ गेली.

ओसाड म्हणून जमीन मोकळी, ही वॉलेसची समजूत पुढें दोन्ही सरकारांनीं उचलली. ब्राझीलनें १९७० नंतर अमेझॉनमधून आडवा महामार्ग काढला व भूमिहीनांना मनुष्यहीन भूमि देण्याची घोषणा केली. वसाहतीस गेलेल्या अनेकांचीं शेतें थोड्याच वर्षांत थकलीं आणि त्यांचीं कुरणें झालीं. जावांतील कुटुंबें सुमात्रांत हलविण्याचा उपक्रम डचांनीं १९०५ त आरंभिला, तो स्वतंत्र इंडोनेशियानेंही चालविला. १९९६ त मध्य कालिमांतानमधील दहा लाख हेक्टर दलदल कालवे खोदून भातशेतीखालीं आणण्याचा घाट घातला गेला. तेथील जमीन म्हणजे कुजक्या पाल्याचा खोल थर; पाणी ओसरतांच तो वाळला, भात झालाच नाहीं, आणि १९९७ च्या उन्हाळ्यांत तो थर महिनोन्‌महिने जळत राहिला. जावाची शेती जावाच्या मातीवांचून नेतां येत नाहीं, हें सांगणारे दायाक लोक तेथेंच राहत होते.

राजधान्याही आंत सरकल्या. ब्राझीलिया १९६० त झाली. इंडोनेशियानें २०१९ त पूर्व कालिमांतानमध्यें नवी राजधानी वसविण्याचें जाहीर केलें, आणि तिला नुसांतारा हें नांव दिलें. नकाशावर ती जागा मोकळी दिसते. तेथें पासेर व बालिक लोकांचीं गांवें आहेत.