मेडोज टेलरच्या दोन कादंबऱ्या : यादवी, विवाह आणि भाषा

मावळास यादवी अपरिचित नाही. शाहू व ताराबाई यांच्या पक्षांतील झगडा चालू असता १७१४ मध्ये वलवण येथे बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांस शाहूच्या पक्षास वळविले. त्यापूर्वी, १६५९ च्या अफजलखानाच्या स्वारीत, मावळचे देशमुखच दुभंगले होते : कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांकडे, तर खंडोजी खोपडे खानाकडे. याच स्वारीवर मेडोज टेलर याने ‘तारा’ (१८६३) ही इंग्रजी कादंबरी रचली. मात्र एकाच मावळातील ही फूट तीत गौण ठरते. लढा मुख्यतः हिंदू विरुद्ध मुसलमान असाच रंगतो, आणि मराठी वाचकास तो खटकल्यावाचून राहत नाही.

तरीही कथेचे मर्म या विभागणीस छेद देते. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा कन्या, नायक अफजलखानाचा पुत्र फाजल. सती जाण्याच्या प्रसंगातून तो तिला सोडवितो आणि अखेरीस दोघांचा विवाह होतो. ‘सीता’ (१८७२) मध्ये काळ १८५७ चा. दोन्ही बाजूंस हिंदी शिपाई लढले, त्या अर्थी तीही एक यादवीच. सिरिल ब्रँडन हा इंग्रज मॅजिस्ट्रेट एका सोनाराच्या विधवेशी हिंदू विधीने विवाह करतो. ती मात्र पतीवरील घाव स्वतःवर घेऊन मरते, आणि ब्रँडन पुढे एका इंग्रज तरुणीशी विवाहबद्ध होतो. दोन शतकांपूर्वीच्या जोडप्यास जो संसार दिला, तो अवघ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या जोडप्यास देणे टेलरला साधले नाही. सीतेचे मरण उदात्त आहे खरे, पण लेखकाच्या सोयीचेही आहे.

या भेदाचे एक कारण भाषेत शोधता येते. आदिलशाहीत महसुलाचे हिशेब मराठीत लिहिले जात. दख्खनी व मराठी यांची देवघेव रोजची होती. तारा आणि फाजल यांस परस्परांशी बोलण्यासाठी कोणी आपले घर सोडावयास नको. सीता ब्रँडनच्या दृष्टीस प्रथम पडते ती कचेरीत, पतीच्या खुनाच्या खटल्यातील साक्षीदार म्हणून. तेथील हिंदुस्थानी ही हाकिमाने प्रश्न विचारावयाची आणि रयतेने उत्तर द्यावयाची भाषा. अशा बोलीतून सुरू झालेल्या प्रेमात बरोबरी आणणे कठीण, आणि टेलर, जो नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहताना तुळजापूरच्या लोकांत वावरला होता, हे जाणत असला पाहिजे.

त्याला असा संसार ठाऊक नव्हता, असेही म्हणता येत नाही. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची कन्या. पामरचा पिता पुणे दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता, माता फैजबख्श ही मुसलमान घराण्यातील. हा जावई आपल्या सासऱ्याच्या जन्मकथेहून अधिक भित्री कथा लिहितो, हे विलक्षण आहे. पामर १८६७ मध्ये वारला. ‘सीता’ त्यानंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाली.