‘तसंच काहीतरी दे’ : मामाची वाचनयादी आणि साम्याचा प्रश्न

एरवी मी इथे लिटरेचर रिव्ह्यू कसा करायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा असलं काहीतरी लिहिते. आज कादंबऱ्यांबद्दल लिहिणार आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की विषय फारसा बदललेला नाही.

माझा मामा डोंबिवली पूर्वेला राहतो. वय ६९. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने मुलाच्या कपाटातलं जॉर्ज आर. आर. मार्टिनचं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ सहज उचललं आणि तो त्यात अडकला तो अडकलाच. ही मालिका १९९६ मध्ये सुरू झाली. पुढची पुस्तकं १९९८, २०००, २००५ आणि २०११ ला आली. सहावं, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अजून यायचं आहे. मामाने पाचवं दोनदा वाचून झालंय.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना रिक्षात मामा म्हणाला, “अगं, तो माणूस सावकाश लिहितोय, पण माझे डोळे काही त्याच्यासाठी थांबायचे नाहीत. तोवर तसंच काहीतरी वाचायला दे.”

‘तसंच काहीतरी’ म्हणजे नेमकं काय हे न विचारता मी कामाला लागले आणि दोन-तीन महिने चुकीची पुस्तकं नेऊन दिली. त्या चुका इथे मांडते, कारण तुम्हीही रिसर्चच्या पहिल्या वर्षी हुबेहूब त्याच करणार आहात.

चूक पहिली : दिसणारं साम्य

मी सर्चमध्ये जे शब्द टाकले ते असे: ड्रॅगन, राजघराणं, तलवारी, जादू. ज्यात हे चारही सापडतील ते पुस्तक ‘तसंच’. त्या हिशेबाने पहिलं नेलं क्रिस्तोफर पाओलिनीचं ‘एरागॉन’. ड्रॅगन आहे, दुष्ट राजा आहे, तलवार आहे, जादू आहे. मामाने ऐंशीव्या पानावर खूण घालून परत केलं. म्हणाला, “यात वाईट माणसं लांबूनच ओळखू येतात. मग मी वाचू कशाला?”

यात पाओलिनीचा दोष नाही. त्याने ते किशोरवयात लिहायला घेतलं होतं आणि त्या वयाच्या वाचकाला ते आजही धरून ठेवतं. दोष माझ्या शोधाच्या पद्धतीचा होता.

मी रसायनशास्त्राची, त्यामुळे उदाहरण तिथलंच देते. कार्व्होन नावाचा एक रेणू आहे. त्याची दोन रूपं असतात. अणू तेच, संख्या तीच, कोण कोणाला जोडलंय तेही तेच. फरक इतकाच की आपला डावा हात आणि उजवा हात जसे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तशी ही दोन रूपं बसत नाहीत. कागदावर सूत्र लिहिलं तर दोन्ही सारखीच. पण नाकाला विचारा. एकाला पुदिन्याचा वास येतो. दुसरं बाळंतशेपांमध्ये असतं आणि त्याचा वास अगदी वेगळा. चटणीत एकाच्या जागी दुसरं घातलंत तर घरात कुणीही फसणार नाही.

मी सूत्र जुळवत बसले होते आणि मामा वास शोधत होता.

मग नाकालाच विचारलं

दिवाळीत मी मामाला सांगितलं, पहिल्या तीन पुस्तकांत तुला पुन्हापुन्हा वाचावीशी वाटतात अशी दहा ठिकाणं खुणा करून ठेव. त्याने केली. दहापैकी एकाही ठिकाणी ड्रॅगन नव्हता! होते ते दरबारातले सल्ले, उशिरा पोचलेली पत्रं, आणि अर्धं सत्य एकाला, उरलेलं अर्धं दुसऱ्याला ठाऊक असलेली माणसं. मामाचं म्हणणं असं, “प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर असतो आणि तरी सगळं बिघडत जातं.” मार्टिनबद्दल मी बरंच वाचलंय, पण इतकं नेमकं वाक्य मला कुठे भेटलं नव्हतं.

हा परिणाम येतो कुठून? मार्टिन प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून सांगतो. त्या पात्राला जे दिसलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही. सगळं जाणणारा निवेदक कुठेच नाही, त्यामुळे एका माणसाची चूक आपल्याला दुसऱ्याच्या प्रकरणात कळते, तीही उशिरा. हे या मालिकेचं खरं बळ आहे. माझ्या मते ती अडकण्याचं कारणही तेच आहे. पहिल्या पुस्तकात अशा आठ नजरा होत्या, पाचव्यात सोळा झाल्या. मुळात तीन पुस्तकांत संपणार होती ही गोष्ट. तिसऱ्यानंतर कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचा बेत होता, तो मार्टिनने सोडून दिला. चौथं इतकं वाढलं की प्रदेशांनुसार पात्रं वाटून त्याची दोन पुस्तकं करावी लागली. प्रत्येक नवी नजर आपला एक धागा घेऊन येते आणि तो धागा कुठेतरी बांधावाच लागतो. सिनॉप्सिसमध्ये उत्साहाने सातवं उद्दिष्ट घालणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

यादी, कारणांसकट

आता निकष बदलले. एक, चुकीची किंमत पात्रांना खरोखर मोजावी लागली पाहिजे. दोन, मालिका पूर्ण झालेली हवी. तीन, डोळ्यांना झेपेल एवढीच लांबी. तिसरा निकष समीक्षेत सहसा कुणी धरत नाही. वाचकाकडे अमर्याद वेळ आणि धडधाकट नजर आहे असं आपण न सांगता गृहीत धरतो.

पॅट्रिक रॉथफस दुसऱ्या निकषावर बाद. ‘द नेम ऑफ द विंड’ (२००७) सुंदर आहे, दुसरा भाग २०११ चा, आणि तिसऱ्याची वाट त्याचेही वाचक बघतायत. तहानलेल्याला रिकामा माठ दाखवण्यात अर्थ नाही.

रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ तिसऱ्या निकषावर बाद. १९९० ते २०१३, चौदा जाडजूड खंड, आणि मधले काही खंड जागच्या जागी फिरणारे. जॉर्डन २००७ मध्ये गेला. शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले. आपल्याकडे देवकीनंदन खत्रींची ‘भूतनाथ’ अपुरी राहिली होती आणि ती मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुरी केली. तेव्हा हा प्रकार जुनाच आहे.

लागू पडली ती रॉबिन हॉबची ‘असॅसिन्स अप्रेंटिस’पासूनची तीन पुस्तकं (१९९५ ते १९९७). राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ, त्याला राजवाड्यात मारेकरी म्हणून तयार करतात. गंमत बघा: इथे निवेदक एकच आहे, फिट्झ स्वतः. म्हणजे रचना मार्टिनच्या अगदी उलट. परिणाम मात्र जवळचा, कारण फिट्झही अर्ध्या माहितीवर निर्णय घेतो आणि त्याची किंमत पुढे शेकडो पानं मोजत राहतो. कार्व्होनमध्ये सूत्र तेच असून वास वेगळा होता, इथे सूत्र वेगळं असून वास जुळतो. तिसरं पुस्तक प्रवासात लांबतं आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. मामाचंही तेच मत. तरी त्याने तिन्ही संपवली, भिंग घेऊन.

अर्सुला ले गुइनच्या ‘अर्थसी’वर मात्र आमचं भांडण झालं. ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) छोटं आहे, दरबार जवळजवळ नाही. गेड नावाचा मुलगा गर्वापायी एक सावली मोकळी सोडतो आणि तिला निस्तरणं हेच त्याचं आयुष्य होतं. मामाला पहिली तीन आवडली. तिसरं १९७२ चं. चौथं, ‘तेहानू’, आलं १९९० मध्ये. अठरा वर्षांनी! त्यात मोठी जादू नाही, एक प्रौढ विधवा आहे आणि भाजलेली एक मुलगी. आधीच्या पुस्तकांत सत्ता फक्त पुरुष जादूगारांकडे का होती, हा प्रश्न लेखिका स्वतःलाच विचारते. मामा म्हणाला, “ही गोष्ट सांगत नाहीये, कानउघाडणी करतेय.” मला विचाराल तर चारांत सर्वांत मोठं पुस्तक हेच.

आमचं अजून एकमत झालेलं नाही. पण त्या भांडणातून मला एक गोष्ट कळली. अठरा वर्षांत लिहिणारी बदलली होती, त्यामुळे आलेलं पुस्तक हे वाट बघितलेलं पुस्तक नव्हतंच. मार्टिनचं सहावं उद्या आलं तरी ते २०११ मधल्या वाचकाचं पुस्तक नसेल, असं मला वाटतं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटचं पुस्तक आमच्याच कपाटात होतं

मामाच्या खुणा पुन्हा चाळताना एकदा ट्यूब पेटली. अर्धवट माहिती, उशिरा पोचणारे खलिते, दरबारातली फूट, आपापल्या जागी बरोबर असलेली माणसं. ही तर पेशवाई! मी इंग्रजी फँटसीच्या याद्या धुंडाळत होते आणि ना. सं. इनामदार आजोळच्या कपाटात तीस-एक वर्षं उभे होते.

त्यांची ‘शिकस्त’ घेतली. केंद्रस्थानी पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. १७६१ च्या पानिपतावरून त्या परत आल्या, भाऊ आले नाहीत. पार्वतीबाईंनी वैधव्य कधीच मान्य केलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड केलं आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. तोतया राजपुत्र मार्टिनच्या पाचव्या पुस्तकातही आहे, निदान तशी दाट शंका आहे. पण मला इथे अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. वाट बघणाऱ्या माणसापुढे कधी ना कधी तोतया येतोच. टीव्ही मालिकेने पुस्तकांच्या पुढे जाऊन २०१९ मध्ये आपला शेवट दाखवून टाकला. मामाने तो पाहिला. मान्य केला नाही.

‘शिकस्त’ फँटसी नाही, हे मला माहीत आहे. ग्रंथालयात ती वेगळ्या शेल्फवर असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बऱ्याचदा शेजारच्या शाखेत, वेगळ्या शब्दांत लिहिलेलं पडलेलं असतं आणि कीवर्डने ते सापडत नाही. म्हणून एक करा. रिव्ह्यू सुरू करण्याआधी तुमच्या कामाच्या जवळचे पाच पेपर घ्या आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य लिहा: हा माझ्या कामासारखा कशात आहे? रेणूत, पद्धतीत, की प्रश्नात? उत्तर फक्त ‘शीर्षकात’ असेल तर तो तुमचा ‘एरागॉन’ समजा.

सध्या रविवारी दुपारी मी ठाण्याहून डोंबिवलीला जाते आणि मामाला ‘शिकस्त’ वाचून दाखवते. भिंगाने आता त्याचं डोकं दुखतं. त्याने ती तरुणपणी वाचली होती. “तेव्हा मला ती बाई हट्टी वाटली होती,” म्हणाला. आता काय वाटतं, विचारलं तर म्हणाला, “आधी पूर्ण तर होऊ दे.”

माझं पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय. लग्नकार्यात भेटणारा प्रत्येकजण थिसिस कधी म्हणून विचारतो, मामाने कधीच विचारलं नव्हतं. गेल्या रविवारी चप्पल घालताना त्याने विचारलं. मी तारीख सांगितली. “मोठ्या अक्षरांत छाप,” म्हणाला.