बाशिंगाचा कागद आणि मातीची फौज

मराठीत ‘कागदी’ हे विशेषण चांगल्या अर्थाने क्वचितच येते. कागदी घोडे नाचवायचे ते कचेरीत. कागदी फुले म्हणजे वास नसलेली. एखादी योजना कागदावरच राहिली, म्हणजे झालीच नाही. आणि तरी याच भाषेच्या घरांत आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावतात आणि श्रावणभर त्याची पूजा करतात. वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मग पोरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. छापील, स्वस्त, बाजारातून आणलेला कागद. त्याला कापसाचे वस्त्र घालतात, हळदकुंकू लावतात, लेकरांच्या आयुष्यासाठी त्याच्यापुढे हात जोडतात. तिथे तो कागद खोटा आहे असे कोणी म्हणत नाही.

भाषेचा हा दुटप्पीपणा आपल्या समीक्षेतही उतरला आहे. लोककला म्हटले की आपण भिंत, माती, लाकूड, कापड यांच्याबद्दल बोलतो. घरातल्या समारंभासाठी कागद, बेगड, भेंड, कापूस यांच्यापासून जे केले जाते आणि समारंभ संपला की टाकले जाते, त्याच्यासाठी आपल्याकडे ‘हौस’ हा एकच शब्द आहे. हौस म्हटले की टीका संपली. हौसेच्या वस्तूला शैली नसते, परंपरा नसते आणि कर्ता तर नसतोच, असे आपण न बोलता ठरवून टाकतो.

या प्रश्नाकडे झाशीच्या लक्ष्मी दरवाजातून पाहावे असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. या दरवाजाबाहेर लक्ष्मीताल, त्याच्या काठी नेवाळकरांच्या कुलदेवतेचे, महालक्ष्मीचे देऊळ आणि जवळच गंगाधरराव नेवाळकरांची छत्री. कोकणातून निघालेले एक घराणे बुंदेलखंडात राज्य करू लागले, आणि त्याच्याबरोबर मराठी सणांचे सगळे सामान तिथे गेले: गौर, गणपती, हळदीकुंकू. १८४२ मध्ये गंगाधरराव आणि मनकर्णिका यांचे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले, ते आजही झाशीत महाराष्ट्र गणेश मंदिर म्हणून ओळखले जाते. म्हणजे मराठी घरगुती समारंभ परमुलखात कसा रुजतो आणि शेजारच्या भाषांना तो कसा दिसतो, हे पाहण्याची ही जागा आहे. शिवाय या एका गावाबद्दल मराठी, हिंदी आणि बंगाली या तीन भाषांत तीन महत्त्वाची पुस्तके आहेत.

पहिले अर्थात विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत झाशीत सापडला. पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी काढले, त्यात आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी दिला. गोडसेभटजींचे डोळे व्यवहारी आहेत. दक्षिणा किती, पंगतीला काय, कोणाच्या अंगावर कोणते वस्त्र, हे ते नेमके टिपतात. राणीने थाटाने केलेल्या, गावातल्या बायकांना बोलावलेल्या हळदीकुंकवाची हकिगतही त्यांच्याकडे येते. समारंभ घरगुती, पण हेतू राजकीय: गावाला धीर द्यायचा. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले होते. हळदीकुंकू हा सवाष्णींचा समारंभ, आणि तो करणारी बाई स्वतः विधवा. ज्या समारंभात तिला कुंकू लागायचे नाही, तो ती गावासाठी मांडते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण मराठी घरातल्या आराशीचे सगळे गुपित या गाठीत आहे. ही आरास करत कोण असे? वाती वळणे, कापसाची गेजवस्त्रे करणे आणि त्यांना कुंकवाची बोटे लावणे, चैत्रगौरीसाठी पायऱ्या रचणे, कलिंगड कापून त्याचे कमळ करणे, पताका चिकटवायला खळ शिजवणे ही कामे घरातल्या ज्या हातांना मोकळा वेळ ‘असे’, त्या हातांकडे जात. तो वेळ बहुधा घरातल्या विधवा आत्याचा, मावशीचा, काकूचा असे. मखर तिच्या हातचे, पण समोर बसायची दुसरीच. गेजवस्त्रातले कुंकू तिच्या बोटाचे, पण कपाळावर नाही. या कलेला कर्ता नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपण एक सामाजिक व्यवस्था कलेचा नियम म्हणून सांगत असतो. कर्ती होती. तिला पुढे येऊ दिले जात नव्हते.

झाशीची राणी गादीवर होती म्हणून पुढे येऊ शकली. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न गोडसेभटजींचा नाही. त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

दुसरे पुस्तक वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी ‘झाँसी की रानी’ (१९४६). वर्मा झाशीचेच. त्यांना हा मराठी समारंभ शेजाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतो, आणि म्हणूनच त्यात त्यांना असे काही दिसते जे मराठी लेखकाला सवयीमुळे दिसले नसते: वाड्यातल्या हळदीकुंकवाला बुंदेलखंडी बायका येतात, आणि नवऱ्याचे नाव घेण्याच्या खेळात त्यांची तारांबळ उडते. झलकारी राणीसमोर येते ती या गर्दीत. मराठी नाव घेण्याची रीत आणि बुंदेली लाज यांची ही टक्कर वर्मांनी मजेत रंगवली आहे. पण आरास त्यांच्याकडे नेपथ्य आहे. पडदा वर गेला की ती असते, पात्रे बोलू लागली की विसरली जाते. ऐतिहासिक कादंबरीचा हा जुनाच आजार. तलवारीची मूठ कशी होती ते सांगायचे, तोरण कशाचे होते ते नाही.

तिसरे पुस्तक महाश्वेतादेवींचे, १९५६ चे, त्यांचे पहिलेच. त्या झाशी-ग्वाल्हेरकडे स्वतः फिरल्या, लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली. त्या मुलखातल्या एका गाण्यात राणी दगडमातीची फौज करते, लाकडाची तलवार करते आणि चालू लागते. इतिहासकार याला भाबडी अतिशयोक्ती म्हणेल. मी याला हस्तकलेचे वर्णन म्हणते. दिवाळीत मराठी पोरे अंगणात किल्ला करतात, त्यावर मातीचे मावळे ठेवतात, आळिवाची शेते करतात, पुठ्ठ्याचा दरवाजा लावतात. त्याची कल्पनाशक्ती आणि या गाण्याची कल्पनाशक्ती एकच आहे. हाताशी जे आहे त्यातून, आपल्या हातांनी, जे नाही ते उभे करायचे. गाणे रचणाऱ्याला पराभव ठाऊक होता. मातीची फौज विरघळणार हे मातीत हात घालणाऱ्याला आधीच माहीत असते. तीन पुस्तकांत आराशीच्या सर्वांत जवळ जाते ते हे गाणे, आणि त्यात आरास हा शब्दही नाही.

टिकणे आणि न टिकणे यांबद्दलच्या आपल्या कल्पना इथे तपासून घ्याव्या लागतात. झाशी पडल्यावर झालेल्या लुटीत राजवाड्यातल्या पुस्तकालयाची कशी नासधूस झाली, ते गोडसेभटजींनी दुःखाने लिहिले आहे. तो कागद टिकावा म्हणून जमवलेला होता, आणि नष्ट झाला. दुसरा कागद टिकू नये म्हणूनच केलेला असतो. बुंदेलखंडात आणि एकूणच हिंदी मुलखात लग्नानंतर नवरदेवाचा मौर पाण्यात सोडतात, त्याला ‘मौर सिराना’ असे क्रियापदच आहे. मौर आणि आपले बाशिंग ही सख्खी भावंडे. भेंडाचा गाभा, रंगीत कागद, बेगडाची झळाळी, मण्यांच्या लोंबत्या सरी. दोन्ही कपाळावर बांधायची आणि दोन्ही एका दिवसाच्या राजेपणाची. ताजियाही याच कुळातला: बांबूच्या कामट्या, कागद, बेगड, महिनोन्‌महिन्यांची मेहनत, आणि शेवटी विसर्जन. मखर करणाऱ्या आणि ताजिया करणाऱ्या हातांची गणिते एकच असतात. वजन कमी, उंची जास्त, आणि जोड दोऱ्याचा, खिळ्याचा नाही. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्याची मराठी टिंगल करते, पण त्या टिंगलीमुळे का होईना, वस्तू भाषेत राहिली. शहरी लग्नांत आता मुंडावळ्यांवर भागते. बाशिंग पाहिलेही नाही अशी मुले ही म्हण बिनचूक वापरतात.

घरगुती कागदकामाचा सर्वांत मोठा ग्रंथ मात्र रुखवत. इतरभाषक वाचकांसाठी सांगायचे तर, लग्नात वधूपक्षाकडून मांडला जाणारा हा फराळाचा आणि हातच्या वस्तूंचा देखावा. सप्तपदीची सात पावले, पुठ्ठ्याचे तुळशीवृंदावन, रहाट लावलेली विहीर, सजवलेले नारळ, सुपारीची भटजी-यजमान मंडळी, भातुकलीएवढा संसार. नीट पाहिले तर हे एक कथन आहे. मुलगी ज्या घरात जाणार ते घर माहेरच्या बायका आधीच हातभर उंचीचे करून दाखवतात. त्यात विहिरीला पाणी असते, वृंदावनात तुळस असते, कोणी भांडत नाही. त्या छोट्या घरात एक विनंती दडलेली असते, कधी एक भीतीही. आमची पोर इतक्या निगुतीने वाढली आहे, तिला सांभाळा. वरपक्ष ते पाहतो, वाहवा करतो, लाडू मोजतो. रुखवताची समीक्षा करायची तर त्यातली सफाई नव्हे, ही विनंती वाचली पाहिजे.

म्हणून आजच्या रुखवतांबद्दल माझी तक्रार ती विकत मिळतात ही नाही. पुण्याच्या तुळशीबागेत आणि बोहरी आळीत आराशीचे सामान कित्येक पिढ्या विकले जात आहे. माहीमच्या कंदील गल्लीतले कंदीलही कोणाच्या तरी हातचेच असतात आणि त्या हातांना पैसे मिळतात, हे बरेच आहे. तक्रार वेगळी आहे. क्विलिंगच्या गुंडाळ्या, लेझरने कापलेली जाळी, सगळे एका मापाचे. विहीर कोणाच्याही गावची, वृंदावन कोणाच्याही अंगणातले. जुन्या रुखवतात आत्याच्या गावचा वाडा ओळखू यायचा, कारण तो चुकलेला असायचा: जिना भलत्या बाजूला, खिडक्या एक जास्त. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या मराठी घरांच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे. ज्या घरात रोजची भाषा हिंदीकडे झुकली आहे, तिथे मराठीपण कशात उरते? बऱ्याचदा गौरीच्या आराशीत, हलव्याच्या दागिन्यांत, बोरनहाणात, रुखवतात. व्याकरण गेले तरी कात्रीचे वळण राहते. ते वळण एकाच साच्यातून निघू लागले, तर या घरांचे नुकसान पुण्यातल्या घरांपेक्षा मोठे आहे.

थर्माकोलचा प्रसंग आठवावा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांवर एकच ओरड झाली. मुंबईत नानासाहेब शेंडकर यांच्या ‘उत्सवी’ने पुठ्ठ्याची मखरे त्याच्या कितीतरी आधीपासून करून दाखवली होती, तेव्हा मग सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. कागद परत आला, हे चांगले झाले. पण तो परत आला तो पर्यावरणाचे प्रमाणपत्र गळ्यात घालून. कागदाची बाजू आपण केवळ नदीच्या नावाने मांडतो, आणि घडी, कातर, खळ, कामटी यांना स्वतःची अशी एक बुद्धी असते, हे म्हणायला आजही कचरतो. आकाशकंदील करून पाहावा. कामट्या सारख्या तासल्या नाहीत तर षटकोन तिरका होतो. खळ पातळ झाली तर पतंगी कागद ताणला जातो आणि फाटतो. झिरमिळ्या जड झाल्या तर कंदील वाऱ्यात फिरत नाही, नुसता लटकतो. यात चूक कळायला समीक्षक लागत नाही.

आणि कागद तरी कुठून येतो? झाशीपासून १५-१६ किलोमीटरवर ओरछ्याच्या ताराग्राममध्ये सुती कापडाच्या कातरणांपासून हातकागद होतो आणि तिथे सहरिया आदिवासी बायका काम करतात. यमुनेकाठचे काल्पी तर हातकागदाचे नावाजलेले गाव. झाशीतून निसटल्यावर राणी गेली तीही काल्पीलाच. आपल्याकडे दौलताबादजवळचे कागजीपुरा, जुन्नर, आणि १९४० मध्ये सुरू झालेली पुण्याची हातकागद संस्था. या कागदाची जाहिरात होते ती लग्नपत्रिकांसाठी, भेटीच्या पिशव्यांसाठी. लगदा ढवळणाऱ्या, साच्यातून ताव उचलणाऱ्या, वाळत घालणाऱ्या बाईचे नाव त्या पत्रिकेवर कुठेच नसते. ‘आपले विनम्र’च्या खाली घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे मात्र क्रमवार असतात.