बसायचं कुठं?

मराठी माणूस दारू पीत नाही. तो बसतो.

हा विनोद नव्हे, हे व्याकरण आहे. 'पिणे' हे क्रियापद आपण तृतीय पुरुषासाठी राखून ठेवले आहे. शेजारच्या बिऱ्हाडातला पितो, साहेबांचा ड्रायव्हर पितो, मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा काका पितो. आपण स्वतः मात्र बसतो. "काय, शनिवारी बसायचं का?" असे डोंबिवलीच्या फलाटावर विचारून पाहा. कशावर बसायचे, कशासाठी बसायचे, असले खुळे प्रश्न कोणी विचारणार नाही. फार तर "किती जण?" एवढेच विचारतील.

हे क्रियापद साऱ्या महाराष्ट्राचे असले, तरी त्याची खरी गोडी कल्याण-डोंबिवलीकरालाच कळते. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर ४८ किलोमीटर. फास्ट गाडीने साधारण तासभर, आणि तो तासभर उभ्याने. तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' नावाची एक जागा असते. तिच्यावर माणसाचा एक चतुर्थांश भाग टेकतो आणि उरलेला तीन चतुर्थांश वाटेत लोंबकळत असतो. ही चौथी सीट मिळाली, तरी माणूस घरी येऊन बायकोला सांगतो, "आज बसायला मिळालं!" निव्वळ बसून जाता यावे म्हणून डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जाणारी माणसे आमच्याकडे आहेत. ज्याला बसण्यासाठी उलट दिशेने प्रवास करावा लागतो, त्याने आयुष्यातल्या चैनीला 'बसणे' म्हणावे, यात नवल ते काय?

हे सगळे सुचायला कारण माझी भाची. ती सिंगापूरला असते. "मामा, तुम्ही आलात की आपण इथं जायचं," म्हणून तिने तिथल्या बारची एक यादी धाडली, समीक्षेसकट. आपल्याकडे कवितासंग्रहावरही कोणी इतक्या गांभीर्याने लिहीत नाही. कुठल्या पेल्याला कसला गंध येतो, संत्र्याची साल किती जाड कापतात, बर्फाचा खडा किती पारदर्शक असतो! एका गृहस्थाने नुसत्या बर्फावर पाऊण पान खर्ची घातले होते. आपल्याकडे बर्फ कुठून आला याची चौकशी कोणी करीत नाही. करूही नये.

ती यादी वाचून मला वाटले, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण यांनी काय घोडे मारले आहे? इथल्या बसण्याच्या जागांची समीक्षा का होऊ नये? फक्त निकष आपले हवेत. पेल्यात काय आहे हा प्रश्न गौण, कारण बाटली इथून तिथून तीच. आपल्याकडे समीक्षा करायची ती खुर्चीची.

पण खुर्ची दिसेल तर ना! बाहेरच्या उन्हातून परमिट रूममध्ये शिरलेला माणूस पहिली दोन मिनिटे आंधळाच असतो. चाचपडत टेबल गाठायचे, हाताला लागेल ती खुर्ची ओढायची आणि ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यायची. मेनूकार्ड वाचायला मोबाइलचा दिवा लावावा, तर आजूबाजूच्या चार टेबलांवरचे सभ्य गृहस्थ एकदम भिंतीकडे तोंड फिरवतात.

या अंधारामागे थोडा इतिहास आहे. आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा आहे. होता नव्हे, आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पुढे त्याच्या नावातली मुंबई गेली, महाराष्ट्र आला, पण कायदा राहिला. साठच्या दशकात नियम सैल झाले आणि परवानेवाल्यांना बसण्यासाठी जी जागा मिळाली, तिचे नाव परमिट रूम. पिणाऱ्यापाशी आजही परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५. म्हणजे पुरुषाला एकविसाव्या वर्षी लग्न करता येते, पण ते निस्तरण्यासाठी आणखी चार वर्षे धीर धरावा लागतो.

गंमत पुढेच आहे. हा परवाना मिळतो तो आरोग्यरक्षणासाठी! म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर मसाला पापड मोडत बसलेले चौघे कायद्याच्या दृष्टीने औषध घेत असतात. कायद्याच्या लेखी रोगी आणि सोसायटीच्या लेखी गुन्हेगार. या दोन्ही मंडळींना उजेड सोसत नाही. म्हणून डोंबिवली पूर्वेचा माणूस पश्चिमेला जाऊन बसतो आणि पश्चिमेचा पूर्वेला. दोघे रेल्वेच्या पुलावर एकमेकांसमोर येतात आणि दोघेही म्हणतात, "जरा औषध आणायला निघालो होतो." सरकारी कागदाप्रमाणे दोघेही खरेच बोलत असतात.

आता मुक्कामवार निकाल.

ठाण्यात स्टेशनाजवळच्या जुन्या परमिट रूममध्ये रेक्झिनचे सोफे आहेत. मध्ये खड्डा पडलेला, पण तो वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनी पाडलेला असल्यामुळे पाठीला ओळखीचा वाटतो. घोडबंदर रस्त्याच्या अंगाला नवी, चकचकीत ठिकाणे झाली आहेत. तिथे कॉकटेलही मिळते आणि बसायला उंच स्टूलही. पण ज्यावर बसल्यावर पाय जमिनीला लागत नाहीत, त्याला बसणे म्हणत नाहीत, टांगणे म्हणतात. शिवाय गाणी अशी मोठ्याने लावतात की मित्राशी बोलायचे झाल्यास त्याला फोन करावा लागतो.

डोंबिवलीत टेबले लहान आणि कान मोठे. कोणाचे तरी व्याही नाही तर मुलाचे क्लासवाले सर शेजारच्याच टेबलावर असतात, त्यामुळे संभाषण शुद्ध राहते. कल्याणला खुर्ची ऐसपैस, वेटर अघळपघळ, पण गिऱ्हाइकाचा एक डोळा सारखा घड्याळावर. कारण कसारा आणि कर्जत हे फाटे कल्याणलाच फुटतात. एक पेग जादा झालेला बदलापूरचा माणूस आसनगावला उतरून आपली बिल्डिंग शोधू लागला, तर त्यात दोष कोणाचा?

चखण्याच्या बाबतीत मात्र तिन्ही शहरांना पैकीच्या पैकी. न मागता शेंगदाणे, फरसाण, काकडीचे काप, कधी उकडलेले चणे येतात, आणि संपले की पुन्हा येतात. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातल्या लाँग बारमध्येही शेंगा देतात म्हणे, आणि टरफले खुशाल जमिनीवर टाकायची तिथे प्रथा आहे. ती बघायला जगभरचे प्रवासी येतात. टरफले कोणी उचलायची हा प्रश्न महाराष्ट्रातल्या पोरांना प्राथमिक शाळेतच घालून दिलेला असतो, त्यामुळे आपल्याला त्याचे एवढे अप्रूप नाही.

आता राहिले कॉकटेल. ते आपल्याकडे नाही असे कोण म्हणतो? कुठल्याही ज्यूस सेंटरच्या फळ्यावर गंगा-जमुनेच्या खाली ते लिहिलेले असते. गंगा-जमुना म्हणजे संत्रे आणि मोसंबे. कॉकटेल म्हणजे त्या वेळी दुकानात जे काही पिकून मऊ झाले असेल ते सगळे. एक ग्लास प्याला की रात्रीचे जेवण वाचते. पण हे कॉकटेल प्यायचे असते फुटपाथवर, रिक्षा चुकवत, उभ्याने. आमच्याकडे उभा राहतो तो पितो, बसतो तो बसतो. देशी दारूच्या दुकानातही बरेचसे गिऱ्हाईक उभेच असते. म्हणून तर आपण त्याच्याबद्दल बोलताना 'पितो' म्हणतो. दोघांत फरक असतो तो एका खुर्चीचा.

आणि खुद्द कॉकटेलची गोष्टही या खुर्चीपाशीच येते. 'सिंगापूर स्लिंग' नावाचे जे जगप्रसिद्ध पेय आहे, ते न्यिआम टाँग बून नावाच्या बारवाल्याने १९१५ च्या सुमारास त्याच रॅफल्स हॉटेलात तयार केले. त्यात जिन, चेरीचे मद्य, अननसाचा रस असे बरेच काही असते आणि रंग गुलाबी. त्या काळी बायकांनी चारचौघांत मद्य घेणे शोभत नसे. त्यांनी आपले चहा किंवा फळांचा रस घ्यावा. तेव्हा दिसायला सरबत आणि आत भलतेच, असा पेला त्याने बायकांसाठी काढला, अशी हकिकत ते हॉटेल सांगते. खरे-खोटे त्यांचे त्यांना माहीत. पण हकिकत मला आवडली. बाईला चारचौघांत बसता यावे म्हणून एका माणसाने डोके चालवले, ही गोष्ट बर्फाच्या पारदर्शकतेपेक्षा मोठी आहे.

कारण गेल्या डिसेंबरात भाची डोंबिवलीला आली आणि म्हणाली, "मामा, चला ना, कुठंतरी बसू या. बोलायचंय."

तिला खरोखर नुसते बसायचे होते. बोलायचे होते आईविषयी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीविषयी. ताई एकटी राहते. तिला सिंगापूरला न्यायचे, की इथेच कोणी बाई ठेवून राहू द्यायचे? घरी हे बोलता येईना, कारण घरी ताई होती. शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेली.

आम्ही निघालो. उडप्याकडे गेलो, तर वेळ जेवणाची. पाटी होती : 'जेवणाच्या वेळेत चहा-कॉफी मिळणार नाही.' दोन इडल्या मागवल्या. दुसरी संपायच्या आत बडीशेप आणि बिल आले, आणि आमच्या खुर्चीच्या पाठीला धरून एक कुटुंब उभे राहिले. कॅफेत गेलो, तर प्रत्येक सोफ्यावर एकेक तरुण लॅपटॉप मांडून घरून काम करीत होता. बागेतल्या बाकांवर ज्येष्ठ नागरिक होते, आणि ते आम्हां दोघांनाही ओळखत होते. फडके रोडवर चालता येते, थांबले की मागून धक्का बसतो.

"मामा, तुम्ही नेहमी कुठं बसता?" तिने विचारले.

मी दाखवले. पायरीवरूनच तिने आत डोकावले. अंधारातून तीस-चाळीस पुरुषांनी एकदम वर पाहिले. क्रिकेटचा चेंडू सीमापार गेला तरी त्यांनी इतक्या एकमताने वर पाहिले नसते. वेटर धावत आला, "मॅडम, फॅमिली वर आहे." वर एक खोली होती. ट्यूबलाइट झगझगीत, आत कोणी नाही आणि आम्ही काय बोलतो ते ऐकायला दाराशी दोन वेटर. ती म्हणाली, "मामा, इथं मुलगी बघायला आल्यासारखं वाटतंय."

शेवटी आम्ही ठाकुर्ली स्टेशनात गेलो. दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालते. बाक रिकामा होता. दर थोड्या वेळाने एक गाडी धडधडत जाई, तेवढ्यापुरते आम्ही गप्प बसायचो आणि ती गेली की अर्धवट राहिलेले वाक्य पुढे सुरू. मधली ती गप्प राहायची मिनिटे बरी वाटत. दोन तासांत ताईचा प्रश्न सुटला नाही, पण तो पुरता बोलून तरी झाला.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. बसण्यासाठी पहिला क्रमांक ठाकुर्लीच्या फलाटावरच्या बाकाचा. माणशी दहा रुपये, उजेड भरपूर, चखणा बाहेरून आणावा. बायकांना मज्जाव नाही आणि कोणी वळूनही बघत नाही. दुसरा क्रमांक ठाण्याच्या तलावपाळीच्या कठड्याचा, पाठ टेकायची सोय नाही म्हणून दुसरा. परमिट रूमला मी तिसरा देतो, आणि तोही जड मनाने. कारण इतक्या वर्षांत मला दोन तास कोणी निवांत बसू दिले असेल, तर तिथल्या वेटरनेच. त्याने कधी बडीशेप पुढे सरकवून मला उठवले नाही.

पण लाखो वस्तीच्या शहरांत दोघांना दोन तास बोलायला हक्काची खुर्ची मिळते ती परमिट रूममध्येच, आणि तिचे भाडे नव्वद मिलीत मोजतात. तिथे जाणारे सगळेच काही तहानेने जात नाहीत. जे पीत नाहीत, त्यांना ते भाडे भरण्याचीही सोय नाही. आणि बायकांना तर कोणी दरच सांगितलेला नाही.

रॅफल्सच्या त्या एका गुलाबी पेल्याच्या किमतीत आपल्याकडे चौघे बसतात, जेवतात आणि रिक्षाने घरी जातात. तो पेला आपल्याला परवडायचा नाही, आणि नसला तरी अडत नाही. आपल्या नगरपित्यांनी शहरात चार बाके जास्त टाकली, आणि त्यांवर स्वतःचे नाव रंगवताना बसायला जागा ठेवली, तरी पुष्कळांचे आरोग्यरक्षण बिनपरवान्याने होईल.

ताई अजून डोंबिवलीतच आहे. भाची पुन्हा मे महिन्यात येते आहे. "मामा, आपली जागा धरून ठेवा," असे तिने कळवले आहे. त्यासाठी मला आधी उलटे कल्याणला जावे लागले, तरी मी जाईन.