सह्याद्रीचे तीन फांटे आणि मंगळगंगा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेचा सतरावा भाग सन १८८४ त प्रसिद्ध झाला. अहमदनगर जिल्ह्याच्या (सन २०२४ पासून अहिल्यानगर) डोंगरांविषयीं कांहीं लिहावयाचें झाल्यास लेखक अद्यापि याच ग्रंथाकडे वळतात. तेव्हां त्याचें बळ कशांत आहे व इतिहाससंशोधकास तो कोठें अपुरा पडतो, हें पाहणें अवश्य आहे.

ग्रंथाची मुख्य मांडणी निर्दोष आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीचा कणा असून त्यापासून पूर्वेकडे तीन फांटे निघतात: उत्तरेस कळसूबाईचा, मध्यें बाळेश्वराचा व दक्षिणेस हरिश्चंद्रगडाचा. पहिल्या दोहोंमध्यें प्रवरेचें खोरें, दुसऱ्या दोहोंमध्यें मुळेचें. या नद्या इतकें अंतर समांतर वाहून थेट नेवासे तालुक्यांत कां मिळतात, याचा उलगडा एवढ्यानेंच होतो.

परंतु हें वर्णन मोजणीदाराचें आहे. स्थलनाम हेंही कालाचें साधन होय, ही दृष्टि त्यांत नाहीं. अकोले हें नांव तेथें 'अकोला' असें पडलें आहे. वऱ्हाडांतील अकोल्याशीं त्याचा घोटाळा होण्यास एवढें पुरे. कागदपत्रांच्या याद्या करणारांनीं मूळ देवनागरी नांवावरच विसंबावें.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. चांगदेव वटेश्वराचा 'तत्त्वसार' शके १२३४ (सन १३१२) मध्यें हरिश्चंद्र पर्वतावर रचला गेला. ग्रंथकार पर्वताबरोबर मंगळगंगा नदीचेंही नांव देतो. हा ग्रंथ विसाव्या शतकांत छापला गेला, त्यामुळें १८८४ च्या संपादकांस दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो त्यानंतरही केवळ गॅझेटियर उतरून घेणारांचा. आज हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळून निघणाऱ्या ओढ्यास मंगळगंगा म्हणतात व तोच मुळेचा उगम मानण्याची रूढि आहे. तेवढ्यावरून मुळेचें प्राचीन नांव मंगळगंगा होतें, असें म्हणणें मात्र घाईचें होईल. तें नांव ओढ्यापुरतें होतें कीं खालच्या प्रवाहासही लागत असे, याचा निर्णय पाचनई, कोतूळ, राजूर या बाजूच्या जुन्या सनदा, महजर व माहात्म्याच्या पोथ्या पाहूनच करावा लागेल.

तिसरी गोष्ट कालभेदाची. सन १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व रतनगडाच्या पायथ्याशीं प्रवरेच्या खोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. जुन्या कागदांतील वाटा आजच्या नकाशावर शोधणारा तेथें फसेल. तेव्हां १८८४ चें वर्णन आतां आधारग्रंथ राहिलें नसून स्वतःच एक ऐतिहासिक साधन झालें आहे, आणि साधन म्हणूनच त्याची परीक्षा केली पाहिजे.

शके १२१२ मध्यें प्रवरातीरीं नेवासें येथें 'ज्ञानेश्वरी' झाली. बावीस वर्षांनीं याच जलप्रणालीच्या माथ्यावर 'तत्त्वसार' झाला. दोहोंचा संबंध जोडण्याचें हें स्थळ नव्हे. तथापि या खोऱ्यांत पोथ्या लिहिणारे व वाचणारे होते, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. ज्यांच्या संग्रहीं त्या बाजूच्या पोथ्या असतील त्यांनीं समाप्तिलेखांतील गांव, नदी व तरफ हीं नांवें जशींच्या तशीं उतरून प्रसिद्ध करावीं. मोजणीदाराच्या नकाशांत राहिलेली उणीव भरून निघेल ती अशा नोंदींनींच.